दोन्ही मुली औंधला

माझ्या सासऱ्यांनी दोन्ही मुली औंधला दिल्या. कराडात प्रीतिसंगमावर फिरताना, मंडईत वांगी निवडताना, एवढंच काय, दातांच्या डॉक्टरांनी तोंडात बोळा कोंबलेला असतानासुद्धा ते हे वाक्य एका दमात म्हणतात आणि पुढे गप्प बसतात. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पुण्याचं औंध उभं राहतं. लिफ्ट, गॅलरीतल्या कुंड्या, फाटकावर वॉचमन. सासरे ते उभं राहू देतात. वस्तुस्थिती अशी की थोरली पुण्याच्या औंधला अकराव्या मजल्यावर राहते आणि धाकटी, जिच्या गळ्यात मी पडलो, ती मुक्काम पोस्ट औंध, तालुका खटाव, जिल्हा सातारा इथे राहते. वाक्यात तसूभरही खोटं नाही, त्यामुळे सासऱ्यांना कुणी धरू शकत नाही.

धरलं जातं ते आम्हाला. उठता-बसता.

आता मिक्सरच्या चटणीच्या भांड्याचं घ्या. जुन्याचं पातं निखळलं म्हणून बायकोने मोबाईलवरून नवं मागवलं. पत्त्यात तिने गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड, यमाईच्या देवळाजवळ, झालंच तर माझं आडनाव दोन वेळा, असं काही म्हणून सोडलं नव्हतं. तरी एका दुपारी फोन आला.

“सर, परिहार चौकात उभा आहे. खाली या.”

आमचं घर बैठं आहे. खाली म्हणजे फक्त पाया.

“दादा, हे औंध साताऱ्याचं.”

“सर, लोकेशन औंधचंच दाखवतंय.”

“ते बरोबर आहे.”

“मग खाली या ना, सर.”

पोराचा राग नाही. उन्हातान्हात दुचाकीवर डोंगराएवढी पोती लादून फिरतो बिचारा. मी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. तिथली मुलगी फार गोड बोलत होती आणि गोड बोलणाऱ्या माणसाकडून काम होत नाही हा आमच्या पतसंस्थेचाही अनुभव आहे. तिने पत्ता वाचून दाखवला, बरोबर होता. मग म्हणाली, “सर, जवळची एखादी प्रसिद्ध खूण सांगाल?”

मी वैतागून म्हणालो, “राजा रवी वर्मा.”

“ओके सर. राजा रवी वर्मा सोसायटी. विंग कुठली?”

मी काही विनोद करत नव्हतो. आमच्या गावाची ओळख द्यायची तर चित्रांवाचून देता येत नाही, हे खरंच आहे. पुण्याच्या औंधात चौकाला ब्रेमेन हे अख्ख्या जर्मन शहराचं नाव आहे. आमच्या चौकाला एसटी स्टँड म्हणतात. त्यांचा पिनकोड ४११ ने सुरू होतो, आमचा ४१५ ने. पण मूळपीठाच्या डोंगरावर यमाईकडे जाताना वाटेत जे भवानी वस्तुसंग्रहालय आहे, त्यात रवी वर्मांची तैलचित्रं आहेत. छापील नव्हेत, त्यांच्या हातची. चित्रकार बाबूराव पेंटर आहेत, एम. व्ही. धुरंधर आहेत आणि हेन्री मूर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचं दगडातलं मायलेकराचं शिल्पसुद्धा आहे. साताऱ्यापासून चाळीसेक किलोमीटरवर, ज्वारीच्या रानातून वळत वळत गेलेल्या रस्त्याच्या शेवटाला.

हे सगळं कसं झालं तर आमचा राजाच चित्रकार होता. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी, १९०९ साली गादीवर आले. इतर संस्थानिक वाघ मारायचे, पोलो खेळायचे. हे रामायणातले प्रसंग रंगवत बसायचे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायला घेतली तेव्हा यांनी लाखाची देणगी तर दिलीच, वर त्यासाठी चित्रंही स्वतः काढून दिली. कीर्तन करायचे. रोज सूर्यनमस्कार घालायचे, आणि आपण एकट्यानेच का घालायचे म्हणून संस्थानातल्या शाळांमधल्या पोरांनाही घालायला लावायचे. आमचे आजोबा म्हणायचे, राजानं कर घेतला नसंल एवढा घाम घेतला.

चित्रकाराला चित्रकाराची संगत लागते. १९१८ साली त्यांनी पंडित सातवळेकरांना औंधला आणलं. सातवळेकर मूळचे सावंतवाडीकडचे, मुंबईच्या जे. जे. त मेयो पदक मिळवलेले, लाहोरला स्वतःचा स्टुडिओ थाटून बसलेले. रंगकामात पैसाही होता आणि नावही होतं. असा माणूस लाहोर सोडून खटाव तालुक्यात येतो आणि इथे येऊन कुंचला बाजूला ठेवून वेदांची भाषांतरं करत बसतो, हे मला लहानपणापासून फार ओळखीचं वाटत आलंय. आमच्या गावात कुणीही ज्या कामाचं शिक्षण घेतलं ते करत नाही. मी बी. एस्सी. केमिस्ट्री आहे आणि पिग्मी ठेवींचा हिशेब बघतो. पंडितजींची गोष्ट अर्थातच वेगळी. त्यांनी इथे तीस वर्षं स्वाध्याय मंडळ चालवलं, घरबसल्या संस्कृत शिकवणारी पुस्तकं लिहिली, आणि १९४८ साली गुजरातेत पारडीला गेले. तिथे शंभरी ओलांडली. आमची आई त्याचं सगळं श्रेय औंधच्या पाण्याला देते. पारडीच्या पाण्याला नाही.

अजून एक गोष्ट सांगितल्याशिवाय औंधचा माणूस जागचा हलत नाही. बाळासाहेबांनी आपण होऊन राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला. गांधीजींच्या सल्ल्याने घटना तयार झाली आणि १९३९ साली बहात्तर गावांच्या या चिमुकल्या संस्थानात लोकांचं राज्य सुरू झालं. ही गावंही सलग नव्हती. काही इकडे, काही कुंडलकडे, काही आटपाडीला, काही पार विजापूरच्या बाजूला. म्हणजे पत्त्याचा घोळ आमच्याकडे तेव्हापासूनच. पण घोळ असूनसुद्धा स्वराज्य देशाच्या आठ वर्षं आधी घरपोच आलं. मिक्सरचं भांडं मात्र वाटेतच राहिलं.

भांड्याचं एकवेळ सोडा. खरी परवड लग्नाच्या बाजारात होते. माझ्या चुलतभावाची पत्रिका काकांनी व्हॉट्सॲपच्या वधू-वर गटांवर टाकली. उंची, रास, पगार, आणि खाली सरळ ‘औंध येथे स्वतःचं घर’. दिवसभर फोन थांबेनात. काकू तर इतक्या हरखल्या की मुलींच्या फोटोंतून आधी कुणाला नकार द्यायचा याची यादी करायला बसल्या. सांगलीचे एक गृहस्थ बोलत होते तेव्हा मी तिथेच होतो. काकांनी फोन स्पीकरवर टाकला होता, कारण त्यांना तो दुसऱ्या कुठल्या पद्धतीने ऐकताच येत नाही.

“औंधला स्वतःचं म्हणजे ओनरशिप ना?”

“वाडवडिलांचं आहे ओ.”

“वाडवडिलांचं! औंधला! अहो, काय सांगता! कार्पेट किती येतो?”

“सतरंजी आहे एक,” काका म्हणाले. “पण पाव्हणं आले की शेजारनं आणतो अजून.”

पलीकडे गृहस्थ खो खो हसले. विनोदी स्वभावाचे व्याही मिळणार म्हणून खूश झाले असावेत. “आणि पार्किंग?”

“पार्किंगला काय कमी? ट्रॅक्टर हाय, दोन म्हशी हायेत, तरी जागा उरती.”

इथे पलीकडचं हसणं जरा मंदावलं. “म्हशी... सोसायटीत चालतात?”

“सोसायटीत चेअरमनच मी हाय,” काका म्हणाले. विकास सेवा सोसायटी, गेली दोन टर्म.

मला राहवेना. मी मध्ये तोंड घालून औंध कुठलं ते सांगितलं. फोनवर अशी शांतता पसरली की गोठ्यातल्या म्हशीचं रवंथ ऐकू यावं. मग गृहस्थ म्हणाले, “असं होय. बरं बरं. पत्रिका बघून कळवतो.” कळवतो म्हणणाऱ्याने आजवर कधी कळवलं आहे? काका माझ्यावर चिडले. त्यांचं म्हणणं, तू कशाला बोललास, मुलगी आणि आईबाप इथवर आले असते तर गाव बघून पाघळले असते. मी त्यांना रवी वर्मांचं सांगायला हवं होतं म्हटलं. काका म्हणाले, “पोरगी चित्रात राहायला येणार हाय का?” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. शेवटी मुलगी पुसेसावळीची मिळाली. तिला औंध कुठं आहे ते ठाऊक होतं, एवढ्या एका गोष्टीवर काकू तिच्यावर अजून खूश आहेत.

पुण्याचं औंध नाही म्हटल्यावर जे उरतात, त्यांतले निम्मे आम्हाला औंढा नागनाथला पाठवतात. बँकेच्या वरच्या कचेरीतला एक साहेब मला फोनवर म्हणाला, “वा, ज्योतिर्लिंगाच्या गावचे तुम्ही!” ते हिंगोली जिल्ह्यात. मी आता दुरुस्त करत नाही. नमस्कार कुठेही पोचला तरी देवालाच पोचतो.

काही लोक मात्र थेट आमच्याकडेच येतात, न चुकता. ही कलेची मुलं. खांद्याला लांबट पिशवी, हातात वह्या, केस बघून मुलगा की मुलगी ते कळत नाही. डोंगरावर संग्रहालय बघून झालं की ती गावात उतरतात आणि जुनी दारं, पडक्या भिंती, दीपमाळ, जे दिसेल ते काढत सुटतात. आमच्या घराची ओसरी रस्त्यालगत आणि बऱ्यापैकी मोडकी असल्याने त्यांना फार आवडते. गेल्या उन्हाळ्यात आई बाहेर बसून सोऱ्यातून कुरडया घालत होती. तिथे पाच-सहा मुलं येऊन बसली. एक मुलगी म्हणाली, “आजी, अशाच बसा हं. हलू नका.”

आईला कुणी हलू नका म्हणालं की ती हलत नाही, कारण असं तिला आयुष्यात कुणी म्हटलेलंच नाही. हात सोऱ्यावर, मान किंचित वाकडी, डोक्यावरचा पदर घसरायच्या बेतात. सोऱ्यातून अर्धी कुरडई बाहेर आलेली, ती तशीच लोंबत राहिली. उन्हात चीक आटून घट्ट होत चाललेला. आत गॅसवर दूध ठेवलेलं. मला वास आला, मी उठलो, तर आई ओठ न हलवता म्हणाली, “दूध उतू चाललंय.” मी आत धावलो तोवर दूध ओट्यावरून खाली उतरलं होतं. बाहेर आलो तर मुलगी कागदावर बोट फिरवून कोळशाची सावली मऊ करत होती, आणि कागदावर आई होती. बोटांच्या गाठींसकट. लोंबणारी कुरडईसुद्धा होती. आईने ते चित्र बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, “नाक जरा मोठं काढलंयस, पण ऱ्हाऊ दे. माझ्या सासूबाईंचं असंच व्हतं.”

त्या मुलांनी तिला मूरसाहेबांच्या शिल्पाबद्दल काय वाटतं असं विचारलं. ती म्हणाली, बाईला दागिना एक घातला नाही त्यानं, पण लेकरू धरलंय कसं बघा, पडायचं न्हाई. मुलांनी हे वहीत लिहून घेतलं. मी आयुष्यभर पतसंस्थेच्या सभेत बोलतोय, माझं वाक्य कुणी मिनिटबुकातसुद्धा धड लिहून घेतलेलं नाही.

आता साडूभाऊ. माणूस अतिशय सज्जन. पण पुण्याच्या औंधला राहत असल्याने प्रत्येक गोष्ट त्यांना सोपी वाटते. मिक्सरचं भांडं परत गेल्याचं ऐकल्यावर ते हसून म्हणाले, “अहो, तुमचा पत्ता टाकण्यातच गडबड असणार. थांबा, मीच ऑर्डर करतो तुमच्या पत्त्यावर.” आणि खरोखरच चौथ्या दिवशी भांडं आमच्या दारात! बायकोने बहिणीला फोन करून नवऱ्याचं इतकं कौतुक केलं, इतकं केलं की मी चटणी खाल्ली नाही.

त्या विजयाच्या आनंदात साडूभाऊ सहकुटुंब आमच्याकडे दोन दिवस राहायला आले. पाहुणा आला की त्याला डोंगरावर न्यायचं हे आमच्याकडे ठरलेलं. चहा, आंघोळ, रवी वर्मा, यमाई, पुरणपोळी, हा क्रम सहसा बदलत नाही. आलेल्या माणसाचे प्रश्नही बदलत नाहीत. संग्रहालयात शिरल्यावर पहिल्या दालनात माणूस हळू आवाजात बोलतो, दुसऱ्यात पाय दुखतात म्हणतो आणि रवी वर्मांच्या चित्रापुढे उभा राहून विचारतो, “ओरिजिनल?”

साडूभाऊंनीही विचारलं. मी हो म्हटलं.

“म्हणजे कोट्यवधींचं असेल.”

मी हो म्हटलं.

ते चित्रातल्या बाईकडे बघत राहिले. रवी वर्मांनी साडीची जर काढायची म्हणजे अशी काढली आहे की बोट लावावंसं वाटतं. कपड्याच्या दुकानदाराने गिऱ्हाइकापुढे पदर उलगडून धरावा, तसा तो रंग अंधारातून पुढे येतो. मला वाटलं साडूभाऊ आता काहीतरी बोलणार. ते बोलले.

“मग इथे कसं काय?”

मी काही म्हणालो नाही. नात्यातला माणूस. पण घरी आल्यावर बायकोने हा प्रश्न आईच्या कानावर घातला. आई पुरणपोळी वाढत होती. ती साडूभाऊंच्या पानात तूप सोडत म्हणाली, “मग कुठं असाय पाहिजे, जावईबापू? तुमच्या गॅलरीत पाऊस लागंल त्येला.” साडूभाऊ मनापासून हसले आणि त्यांनी आणखी एक पोळी मागून घेतली. माणूस सज्जन आहे हे मी आधीच सांगितलं.

ते गेले, आणि पंधरवड्याने खरी गंमत सुरू झाली. साडूभाऊंनी आमच्यासाठी भांडं मागवलं तेव्हा आमचा पत्ता त्यांच्या मोबाईलमध्ये जाऊन बसला होता. बसला तो पहिल्या नंबरवर. त्यांचा स्वतःचा पत्ताही औंधच. घाईत बघितलं तर पहिलं अक्षर सारखं, शेवटचंही सारखं. मग एके सकाळी आमच्या दारात शेंगदाण्याच्या लोण्याच्या बरण्या आल्या. पुण्याच्या औंधात लोक शेंगदाणे कुटून त्याचं लोणी पावावर लावतात असं बायकोने सांगितलं. आईने एक बोट चाखलं आणि कूट आहे म्हणून आमटीत घातलं. आमटी उत्तम झाली. मग पायमोजे आले. मग झाडांना घालायचं कसलंसं खत. एकदाही चुकलं नाही, एकदाही कुणी खाली या म्हणालं नाही. पोरगा गाडीवरून येतो, दारात हाक मारतो, सही घेतो, जातो. आमच्या नावाने मागवलेलं परिहार चौकात जातं आणि त्यांच्या नावाने मागवलेलं सरळ यमाईच्या देवळाशी येतं, याचा उलगडा मी मदत क्रमांकावरच्या त्या गोड मुलीला विचारला. ती म्हणाली, “सर, तुमचा अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.”

शेवटी एक लांबलचक गुंडाळी आली. जांभळ्या रंगाची, स्पंजासारखी, योगासनं करायची. ज्या गावात राजाने अख्ख्या संस्थानाला उघड्या फरशीवर नमस्कार घालायला लावले, त्या गावात सूर्यनमस्कारासाठी बूड मऊ राहील अशी व्यवस्था पहिल्यांदाच आली असावी. मी कामावर होतो. संध्याकाळी घरी आलो तर गुंडाळी छपराच्या पत्र्यावर पसरलेली आणि तिच्यावर आईच्या कुरडया ओळीने वाळत पडलेल्या. आई म्हणाली, साडीवर घातल्या की चिकटतात, हे काय आणलंस ते लई बेस हाय, उचलल्या की सुटतात.

रात्री साडूभाऊंचा फोन.

“साडूभाऊ, माझी मॅट तुमच्याकडे आली का हो?”

“आलीय. वाळत घातलीय.”

“भिजली की काय?”

“मॅट नाही. कुरडया.”

ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, डॉक्टरांनी पाठीसाठी सांगितलंय, तेवढी कुरिअरने पाठवून द्या, पैसे देतो. पैशाचं काय घेऊन बसलात म्हणालो. दुसऱ्या दिवशी, आईची नजर चुकवून अर्थातच शक्य नव्हतं, म्हणून आईला सांगून, मी आधी स्टँडवरच्या कुरिअरवाल्याकडे चौकशीला गेलो. तो आपल्याच गावचा पोरगा. त्याने पावती पुस्तक काढलं, पाठवणाऱ्याचं गाव लिहिलं, औंध. मग विचारलं, “कुठं पाठवायचं?”

“औंधला.”

त्याने पेन खाली ठेवलं. “औंधाहून औंधला व्हय काका? मग पाठवायचं कशाला? हितंच ऱ्हाऊ द्या की.”

घरी येऊन मी हे आईला सांगितलं. ती म्हणाली, पोरगं शाणं हाय, आणि पुढच्या चार किलोचे गहू भिजत घातले.